कायद्याचा संदर्भ शोधताना: विद्यापीठ ग्रंथालयात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विधी शाखेचं वर्ष सुरू झालं की पहिल्या दोन महिन्यांत संदर्भ विभागाच्या काउंटरवर जवळपास हेच प्रश्न येतात. मूट कोर्टाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सराव खटल्यांच्या, दिवसांत तेच प्रश्न ग्रंथालय बंद होण्याच्या वेळेला, घाईघाईत येतात. म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे. उदाहरणासाठी शक्यतो एकच खटला धरला आहे: स्टेट ऑफ बॉम्बे विरुद्ध नरसू आप्पा माळी. मुंबई उच्च न्यायालयाचा हा निकाल पहिल्या वर्षापासून पीएचडीपर्यंत सगळ्यांना कुठे ना कुठे भेटतो, आणि शोधताना येणाऱ्या बहुतेक अडचणी या एकाच निकालात सापडतात.

निकाल इंटरनेटवर फुकट मिळतात. मग ग्रंथालयात कशाला यायचं?

मिळतात, आणि ते जरूर वापरा. इंडियन कानून हे संकेतस्थळ २००८ पासून सुरू आहे. विषयाचा अंदाज घ्यायला मीसुद्धा आधी तिथेच जातो. सर्वोच्च न्यायालयाचे स्वतःचे अधिकृत अहवाल, म्हणजे सुप्रीम कोर्ट रिपोर्ट्स, जानेवारी २०२३ पासून ई-एससीआर या नावाने सर्वांसाठी मोफत खुले झाले. सुरुवातीलाच सुमारे ३४,००० निकाल त्यावर होते. आता ते डिजिटल एससीआर म्हणून ओळखलं जातं.

अडचण पुढे येते. निकालाचा मजकूर हाती आला तरी तो नंतर कुणी उलटवला का, ज्या कलमावर तो दिला ते कलम तेव्हा कसं होतं, आणि तो कायदा आज अस्तित्वात आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरं त्या मजकुरात नसतात. नरसू आप्पा माळी खटला मुंबईच्या १९४६ च्या हिंदू द्विभार्या प्रतिबंधक कायद्यावरचा होता. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाने तो कायदा रद्द केला. आज लागू असलेल्या कायद्यांच्या यादीत तुम्ही तो शोधत बसलात तर दिवस जाईल. जुन्या मुंबई इलाख्याच्या अधिनियमांचे बांधीव खंड मात्र आमच्या मागच्या रॅकवर उभे आहेत.

सायटेशन वाचायचं कसं?

सायटेशन म्हणजे पत्ता. एआयआर १९५२ बॉम्बे ८४ याचा अर्थ: ऑल इंडिया रिपोर्टर हे निकाल छापणारं प्रकाशन, त्याचा १९५२ सालचा खंड, त्यातला मुंबई उच्च न्यायालयाचा भाग, पान ८४. एआयआरमध्ये प्रत्येक न्यायालयाचा भाग वेगळा असतो आणि त्याची पानं पुन्हा एकपासून सुरू होतात. त्यामुळे न्यायालयाचं नाव लिहायचं राहिलं तर पान ८४ वर भलताच निकाल निघतो. हे दर वर्षी होतं.

आता याच निकालाचे आणखी दोन पत्ते पाहा: ५३ बॉम्बे लॉ रिपोर्टर ७७९ आणि आयएलआर (इंडियन लॉ रिपोर्ट्स) १९५१ बॉम्बे ७७५. तिन्ही ठिकाणी निकाल एकच आहे. मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने तो २४ जुलै १९५१ रोजी दिला. एआयआरमध्ये तो पुढच्या वर्षी छापला गेला म्हणून तिथे १९५२ दिसतं. सायटेशनमधलं साल बहुतेक वेळा छपाईचं असतं, निकालाचं नव्हे. प्रबंधात “१९५२ साली न्यायालयाने म्हटलं” असं लिहिलेलं परीक्षकांच्या लगेच डोळ्यात येतं.

सुप्रीम कोर्ट केसेसची, म्हणजे एससीसीची, रीत जरा वेगळी आहे. केशवानंद भारती खटल्याचा पत्ता (१९७३) ४ एससीसी २२५ असा आहे. कंसात साल, मग त्या सालातला चौथा खंड, मग पान. खंडाचा आकडा गाळलात तर रॅकसमोर उभं राहून एकेक खंड उघडावा लागेल.

न्यूट्रल सायटेशन म्हणजे काय? मला ते लागेल का?

लागेल. पूर्वी निकालाला पत्ता मिळायचा तो खासगी प्रकाशकाने तो छापल्यावर. आता न्यायालय स्वतःच क्रमांक देतं. सर्वोच्च न्यायालयाच्या क्रमांकात साल, आयएनएससी ही अक्षरं आणि अनुक्रम असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या क्रमांकात बीएचसी आणि त्यापुढे कोणत्या पीठाचा वा शाखेचा निकाल आहे ते कळतं: अपील शाखेला एएस, मूळ शाखेला ओएस, नागपूरला एनएजी, औरंगाबादला एयूजी. अलीकडच्या निकालांना न्यूट्रल सायटेशन आधी आणि रिपोर्टरचं सायटेशन नंतर द्या. विद्यापीठाची स्वतःची संदर्भपद्धत असेल तर अर्थात तीच पाळायची.

एआयआर, एससीसी, बॉम्बे लॉ रिपोर्टर, महाराष्ट्र लॉ जर्नल. यातलं नेमकं कोणतं पाहू?

न्यायालयाने काय म्हटलं एवढंच हवं असेल तर कोणतंही चालेल. सर्वोच्च न्यायालयासाठी अधिकृत अहवाल एससीआर. उच्च न्यायालयांसाठी इंडियन लॉ रिपोर्ट्स, ज्याची मुंबई मालिका १८७६ पासूनची आहे. बाकीचे खासगी प्रकाशन आहेत, पण रोजच्या कामात वकील आणि न्यायाधीश तेच वापरतात. एआयआर आपल्या नागपूरचं. त्याचे खंड १९१४ पासूनचे आहेत. बॉम्बे लॉ रिपोर्टर १८९९ पासून निघतं. महाराष्ट्रातल्या भाडेकरू, कूळ, सहकारी संस्था, महसूल अशा विषयांवर उच्च न्यायालयाचे निकाल शोधायचे असतील तर महाराष्ट्र लॉ जर्नल आणि बॉम्बे केसेस रिपोर्टर चाळल्याशिवाय काम पुरं झालं असं मानू नका. देशपातळीवरच्या रिपोर्टरमध्ये जागा न मिळालेले निकाल तिथे सापडतात.

एक कळकळीची विनंती. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर छापलेला सारांश, संपादकाची असते, न्यायमूर्तींची नसते. ती वाट दाखवायला उत्तम आहे, पण तिचं वाक्य न्यायालयाचं वाक्य म्हणून उद्धृत करू नका. निकालातला परिच्छेद उघडा, शेवटपर्यंत वाचा आणि परिच्छेदाचा क्रमांक टिपा.

निकाल मिळाला. तो आजही लागू आहे हे कसं तपासू?

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

खासगीपणाच्या हक्काचं उदाहरण घ्या. १९५४ चा एम. पी. शर्मा निकाल आठ न्यायमूर्तींचा, १९६२ चा खडक सिंग निकाल सहा न्यायमूर्तींचा. दोन्हींत खासगीपणा मूलभूत हक्क नसल्याची विधानं होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती विधानं मोडीत काढली. खडक सिंग निकाल मात्र सगळाच गेला नाही. त्यातली खासगीपणाविरुद्धची बाजू गेली. म्हणून “ओव्हररूल्ड” (उलटवलेला) हा शब्द दिसला की पुढचा प्रश्न विचारायचा: किती, आणि कोणत्या मुद्द्यापुरता?

नरसू आप्पा माळीची गोष्ट याहून नाजूक आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे निरर्थक ठरवणाऱ्या संविधानाच्या अनुच्छेद १३ मधल्या “कायदा” या व्याख्येत व्यक्तिगत कायदे (विवाह, वारसा यांचे धर्मनिहाय कायदे) येत नाहीत, असं या निकालाने म्हटलं. २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र पण सहमतीच्या निकालपत्रात या भूमिकेवर कडक टीका केली. काही विद्यार्थी एवढ्यावरून “नरसू निकाल रद्द झाला” असं लिहून मोकळे होतात. पीठातल्या एका न्यायमूर्तींनी एखाद्या निकालाचा पाया चुकीचा ठरवणं आणि पीठाच्या बहुमताने तो निकाल उलटवणं, यात फार अंतर आहे. निकालाची स्थिती दाखवणारी डेटाबेसमधली रंगीत खूण हे अंतर प्रत्येक वेळी दाखवेलच असं नाही.

काम करायचं ते असं. एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्र या वर्गणीच्या डेटाबेसवर निकाल उघडा आणि तो नंतर कुठे उल्लेखला गेला त्याची यादी काढा. यादी लांब असेल तर आधी मोठ्या पीठांचे निकाल वेगळे करा, मग सर्वात अलीकडचे. उल्लेख जिथे आहे तो परिच्छेद प्रत्यक्ष वाचा. निकाल पाळला आहे, वेगळ्या वस्तुस्थितीमुळे बाजूला ठेवला आहे, की फक्त वकिलांच्या युक्तिवादात त्याचं नाव आलं आहे, हे वहीत एका ओळीत लिहा. एका निकालाला कधी दोन तास लागतात. ते दोन तास द्या.

अधिनियमाचा अद्ययावत मजकूर कुठे मिळेल?

केंद्रीय आणि राज्यांच्या अधिनियमांसाठी इंडिया कोड हे सरकारी संकेतस्थळ पहिलं ठिकाण. बाजारातलं बेअर अ‍ॅक्टचं, म्हणजे कायद्याच्या नुसत्या मजकुराचं, पुस्तक सोयीचं आहे, पण आवृत्तीचं साल बघूनच घ्या. केंद्रीय कायद्याला महाराष्ट्राची स्वतःची दुरुस्ती असू शकते, हे विशेष लक्षात ठेवा. दिवाणी प्रक्रिया संहितेत अशा राज्य दुरुस्त्या भरपूर आहेत.

महाराष्ट्रात आणखी एक खाचखळगा आहे तो नावांचा. अनेक अधिनियमांच्या नावातलं “मुंबई” २०१२ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २४ ने “महाराष्ट्र” झालं, आणि तेही १ मे १९६० पासून झाल्याचं धरून. आपण ज्याला कूळकायदा म्हणतो तो १९४८ चा मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. पोलीस अधिनियम १९५१ चंही तसंच. निकाल शोधताना दोन्ही नावं टाका. एकाच नावाने शोधलंत तर कित्येक वर्षांचे निकाल हातातून निसटतील आणि निसटले हे कळणारही नाही.

नव्या फौजदारी संहिता आल्या. आयपीसीची जुनी पुस्तकं आता बाद का?

अजिबात नाही. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुन्या भारतीय दंड संहितेचीच (आयपीसी) कलमं लागतात, आणि ते खटले पुढची कित्येक वर्षं चालतील. शिवाय नव्या कलमांचा अर्थ लावताना दीडशे वर्षांचे निकाल उपयोगी पडतात, कारण पुष्कळ ठिकाणी शब्द तेच राहिले आहेत. खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४), इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ब आता साक्ष्य अधिनियमाचं ६३. डेटाबेसमध्ये शोधताना जुना आणि नवा दोन्ही क्रमांक टाका, आणि जुन्या-नव्या कलमांच्या तक्त्यावर विसंबून “जसंच्या तसं” असं लिहिण्याआधी दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. काही कलमांत बदललेला एखादाच शब्द असतो, पण सगळा वाद त्याच शब्दावर उभा राहतो.

डेटाबेस घरून वापरता येतात का?

विद्यापीठाच्या नेटवर्कवर ते आपोआप उघडतात. घरून वापरायला ग्रंथालयाचं दूरस्थ लॉगिन लागतं. ते काउंटरवर ओळखपत्र दाखवून घ्या. एका वेळी किती जणांनी वापरायचं याला काही डेटाबेसमध्ये मर्यादा असते. काम झालं की लॉगआउट करा, बाहेर कुणीतरी थांबलेलं असतं.

“वन नेशन वन सबस्क्रिप्शन”मध्ये कायद्याचे डेटाबेस आहेत का?

ही योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यात आहेत आणि केंद्र व राज्य सरकारांच्या शैक्षणिक संस्थांना ती मिळतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी त्यात ऑक्सफर्ड, केंब्रिज, सेज, टेलर अँड फ्रान्सिस यांची विधीविषयक नियतकालिकं आहेत, आणि ही मोठी सोय आहे. एससीसी ऑनलाइन आणि मनुपात्र मात्र या तीस प्रकाशकांत नाहीत. त्यांची वर्गणी प्रत्येक विद्यापीठ वेगळी भरतं. खासगी विधी महाविद्यालयं या योजनेच्या बाहेर आहेत, याची मला मनापासून खंत वाटते, कारण तालुक्याच्या ठिकाणची कितीतरी मुलं तिथेच शिकतात. तुम्ही त्यांपैकी असाल तर तुमच्या महाविद्यालयाचं पत्र घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून वाचण्याची परवानगी मागा.

मराठीतून साधनं मिळतील का?

मिळतील, पण कशासाठी काय हे समजून घ्या. अनुच्छेद ३४८ मुळे सर्वोच्च आणि उच्च न्यायालयांचं कामकाज इंग्रजीत चालतं, आणि निकालाचा प्रमाण मजकूर इंग्रजीच असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या निवडक निकालांचे मराठी अनुवाद आता त्याच न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. समजून घ्यायला ते वापरा, उद्धृत मात्र इंग्रजी मजकूर करा.

राज्याचे अधिनियम मराठीतही राजपत्रात येतात. शासन निर्णय तर मुळातच मराठीत असतात. शासनाच्या संकेतस्थळावर विभाग, दिनांक किंवा संकेतांकाने ते शोधता येतात. शासन निर्णयाच्या शेवटी तो लांबलचक संकेतांक छापलेला असतो. संदर्भ देताना विभागाचं नाव, क्रमांक आणि दिनांक यांच्याबरोबर तोही लिहिलात तर वाचणाऱ्याला मूळ कागद मिनिटभरात सापडतो.

शब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश संदर्भ विभागात आहे. डिक्रीला हुकूमनामा, इंजंक्शनला मनाई हुकूम, लिमिटेशनला मुदत. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना एक सांगतो: तुमच्याकडे हे शब्द आधीच आहेत, कारण तालुक्याच्या कोर्टात ते रोज ऐकू येतात. ग्रंथालयाच्या सूचीत मात्र विषयशब्द इंग्रजीत नोंदलेले असतात. म्हणून “मनाई हुकूम” आणि इंग्रजी “इंजंक्शन” असा दोनदा शोध घ्या; दोन्ही वेळा वेगळी पुस्तकं निघतात.

कायदा असा का केला, हे कुठे वाचायला मिळतं?

संविधानाच्या अनुच्छेदासाठी संविधान सभेच्या चर्चा पाहा: ९ डिसेंबर १९४६ ते २४ जानेवारी १९५०, बारा खंड. मसुद्यातला अनुच्छेद क्रमांक आणि अंतिम क्रमांक वेगळे असतात. आजचा अनुच्छेद १३ मसुद्यात ८ होता. १३ शोधाल तर चुकीच्या चर्चेत शिराल. इतर कायद्यांसाठी विधेयकासोबतचं उद्देश व कारणांचं निवेदन वाचा, आणि विधी आयोगाचे अहवाल. स्वतंत्र भारताचा पहिला आयोग १९५५ चा, मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालचा. त्यानंतरचे अहवाल आयोगाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, आणि कोणत्याही विषयाचा इतिहास समजून घ्यायला यांच्याइतकी नेटकी सुरुवात दुसरीकडे क्वचितच मिळते.

गोव्यातल्या मालमत्तेचा विषय आहे. तेच स्रोत चालतील का?

अर्धेच. निकालांसाठी मुंबई उच्च न्यायालयाचं गोवा पीठ, म्हणजे रिपोर्टर बरेचसे तेच. पण गोव्यात कुटुंब आणि मालमत्तेचा पाया १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता आहे, आणि वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही अधिनियमात आहे, जो डिसेंबर २०१६ मध्ये अमलात आला. गोवेकराची मालमत्ता गोव्याबाहेर, समजा मुंबईत, असेल तर काय, याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जोझे पावलू कुतिन्यू खटल्यात दिलं: अधिवासी गोवेकराच्या वारसाहक्काला तिथेही गोव्याचाच कायदा. कोकणातल्या आणि गोव्यातल्या कुटुंबांची नाती किती गुंतलेली असतात हे पाहता, हा निकाल सिंधुदुर्गातल्या वकिलांनीही वाचावा.

प्रबंध आणि लेख?

प्रबंधांसाठी शोधगंगा, म्हणजे इन्फ्लिबनेट या संस्थेचा भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह. आपल्या विषयावर आधी काय झालं आहे हे विषय नोंदवण्यापूर्वी बघा, नंतर नव्हे. तिथल्या प्रबंधाची संदर्भसूची हा खरा खजिना असतो. लेखांसाठी दिल्लीच्या इंडियन लॉ इन्स्टिट्यूटचं नियतकालिक आणि त्यांचा भारतीय कायद्याचा वार्षिक आढावा यांपासून सुरुवात करा.

निकालाची झेरॉक्स काढली तर कॉपीराइटचा भंग होतो का?

न्यायालयाचा निकाल पुन्हा छापणं किंवा त्याची प्रत काढणं हा भंग नाही. कॉपीराइट अधिनियम १९५७ च्या कलम ५२ मध्ये तशी तरतूद आहे. प्रकाशकाच्या हेडनोट आणि संपादकीय भर यांचं तसं नाही. २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही रेषा आखून दिली. अभ्यासापुरती प्रत काढा; पूर्ण खंडाची झेरॉक्स काढून देत नाही.

चॅटबॉटने दिलेला खटला सूचीत सापडत नाही. काय करू?

तो खटला अस्तित्वातच नसेल, ही शक्यता आधी धरा. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात माता विरुद्ध आव्हियांका या दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधीच न झालेले निकाल दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलर दंड झाला. पक्षकारांची नावं खरी वाटतात, सायटेशनही नीट दिसतं. म्हणून सायटेशनवरून मूळ पान उघडा. पान निघालं नाही तर तो संदर्भ खोडा, मग तो तुमच्या युक्तिवादाला कितीही जुळत असो.

मी विद्यार्थी नाही. माझ्या जमिनीच्या प्रकरणासाठी वाचायला येऊ का?

या. बाहेरच्या वाचकांसाठी बसून वाचण्याची परवानगी मिळू शकते. ओळखपत्र आणि लेखी अर्ज आणा. कलम, निकाल, शासन निर्णय शोधून देणं आमचं काम आहे. तुमच्या प्रकरणात काय होईल हे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. त्यासाठी वकील, आणि वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण.

काउंटरवर येताना काय आणू?

जे असेल ते. अर्धं सायटेशन, वर्तमानपत्राचं कात्रण, प्राध्यापकांनी वर्गात उच्चारलेलं नाव, सातबाऱ्यावरचा फेरफार क्रमांक. आतापर्यंत कुठे शोधलंत तेही सांगा, म्हणजे तेच पुन्हा करायला नको. आणि खंड जागेवर नसेल तर रॅकच्या टोकाची, बाइंडिंगला गेलेल्या खंडांची यादी पाहा. तिथेही नसेल तर चिठ्ठीवर सायटेशन आणि फोन नंबर लिहून ठेवा, खंड सापडला की कळवतो.